मावळचा विझलेला ज्वालामुखी

लोणावळ्याला पावसाळी सहलीसाठी आलेल्या माणसाला 'इथे एकेकाळी ज्वालामुखी होता' असे सांगितले, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग त्याचे तोंड कुठे आहे? नागफणीचे टोक, तुंगचा सुळका, तिकोन्याचा त्रिकोणी माथा यांच्याकडे बोट दाखवून 'तो का तो?' असेही विचारले जाते. शाळेच्या पुस्तकातले चित्र डोक्यात पक्के बसलेले असते. शंकूसारखा डोंगर, माथ्यावर खड्डा आणि खड्ड्यातून धूर. असा डोंगर मावळात एकही नाही. तुंग, तिकोना आणि नागफणी हे ज्वालामुखीने रचलेल्या एका अफाट पठाराचे उरलेले तुकडे आहेत. आजूबाजूचा कातळ ऊन-पावसाने झिजून वाहून गेला आणि हे तेवढे मागे राहिले. मावळात ज्वालामुखी बघायचा तर पायाखालचा कातळ बघावा लागतो. तोच तो ज्वालामुखी.

खड्डा दिसला म्हणजे ज्वालामुखी, हा समज महाराष्ट्रात उलट बाजूनेही फसवतो. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर जवळजवळ गोल, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचे आणि काळ्या कातळात खोल गेलेले. पाहणाऱ्याला तेच ज्वालामुखीचे मुख वाटावे, आणि कितीतरी अभ्यासकांनाही दीर्घकाळ तसेच वाटत होते. ते विवर अशनी आदळून झाले आहे, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्के झाले. म्हणजे जिथे तोंडासारखे विवर आहे तिथे ज्वालामुखी नव्हता, आणि जिथे विवराचा मागमूस नाही त्या सह्याद्रीत जगातल्या मोठ्यांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला.

तो झाला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. त्या काळी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तापलेला पातळ रस उसळून मैदानावर पसरला. शंकू उभा राहायला लाव्हा दाट हवा. हा पातळ होता, उताराला लागला की वाहत जाई. या प्रकारचा एक मोठा उद्रेक माणसाने जवळून पाहिला आहे. १७८३ साली आइसलँडमध्ये लाकी इथे सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने लाव्हा वाहत राहिला. विषारी वायूंनी गुरे मेली, पिके गेली आणि पाठोपाठच्या उपासमारीत त्या देशाची जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या संपली. लाकीच्या भेगेतून पंधरा घनकिलोमीटरच्या आत-बाहेर लाव्हा आला होता. दख्खनमध्ये आला तो लाखो घनकिलोमीटर. त्यातले काही थर थेट आंध्रच्या किनाऱ्यावर, राजमहेंद्रीजवळ सापडतात. आज झिजून उरलेला प्रदेशच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि पश्चिम घाटात एकावर एक बसलेल्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. पूर्वेकडे ही चादर पातळ होत जाते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे जे भोक पाडले गेले, त्यात काळा कातळ ३३८ मीटरवर संपला आणि खाली त्याहून कितीतरी जुना खडक लागला.

याच सुमारास पृथ्वीवरून डायनोसॉर नाहीसे झाले. मेक्सिकोतल्या चिक्शुलूब इथे आदळलेली अशनी त्याला किती कारणीभूत आणि दख्खनचे वायू किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून रंगलेला आहे. पण त्या वादात लोणावळा-खंडाळ्याची नावे जगभर घेतली जातात. कारण दख्खनच्या थरांची जी क्रमवारी भूशास्त्रज्ञांनी लावली आहे, तिच्यातल्या एका गटाचे नावच 'लोणावळा' आहे आणि त्या गटातल्या एका थरसमूहाचे 'खंडाळा'. मुंबईकर ज्या घाटात गरम भजी खातात, त्या घाटाचे नाव भूशास्त्राच्या शोधनिबंधांत कालमापनाची खूण म्हणून येते, हे मावळच्या शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक असायला हवे.

हा ज्वालामुखी पुन्हा जागा होईल का? नाही. तो झोपलेला नाही, संपलेला आहे. भारताचा भूखंड त्या वेळी आजच्यापेक्षा खूप दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. ज्या खोल उष्णतेने हा कातळ वितळवला ती जागच्या जागी राहिली आणि भूखंड तिच्यावरून पुढे निघून गेला. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा पितों द ला फुर्नेज हा ज्वालामुखी आजही त्याच उष्णतेवर धगधगतो, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. मावळची आग आता तिथे आहे.

उरला तो कातळ. त्याचा स्वभाव समजल्याशिवाय मावळातला प्राचीन माणूस कळत नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवे.

लाव्हाचा प्रत्येक लोट खालून आणि मधून सावकाश निवाला. तिथे दगड घट्ट आणि एकजीव झाला. वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे लाखो वर्षे पाणी झिरपून पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक साचले. विहिरी खणणारे गडी आजही हे दोन दगड वेगळे ओळखतात. घट्ट तो काळा पाषाण, त्याच्यावर सुतकी मारली की ती उडते. ठिपक्याठिपक्यांचा तो मांजऱ्या, हा त्या मानाने मऊ आणि बहुधा पाणी देणारा. दोन उद्रेकांच्या मध्ये शांत काळ गेला असेल तर वरचा थर कुजून त्याची तांबडी माती झाली आणि पुढच्या लोटाखाली ती भाजून निघाली. घाटातल्या कापलेल्या दरडींत काळ्या भिंतीमधून जाणारा विटकरी पट्टा दिसतो, तो हाच. पट्टा मऊ असतो, पावसात तोच आधी झिजतो आणि वरचा कातळ निराधार झाला की कोसळतो.

अशा थरांवर लाखो वर्षे पाऊस पडल्यावर काय होणार? घट्ट भागाचे उभे कडे झाले, मऊ भागाचे उतार आणि सपाट्या झाल्या. कडा, सपाटी, पुन्हा कडा. मावळातला कुठलाही डोंगर पाहावा, हीच रचना दिसते. प्राचीन माणसाच्या वाट्याला ज्वालामुखी आला तो या रूपात.

हवाई बेटांवरच्या लोकांनी किलाउएआची आग डोळ्यांनी पाहिली आणि तिला पेले नावाची देवी मानले. मावळात तसे घडणे शक्यच नव्हते. इथली आग विझली तेव्हा माणूस नावाचा प्राणी जन्मायला सहा कोटींहून अधिक वर्षे होती. भारतात माणसाच्या हातची सर्वांत जुनी ज्ञात हत्यारे पंधरा लाख वर्षांच्या आसपासची. त्यामुळे लाव्हाची आठवण मावळच्या कुठल्या दैवतकथेत किंवा शिलालेखात शोधू नये. ती तिथे नाही.

जिवंत ज्वालामुखीची एक खूण मात्र पुणे जिल्ह्यातल्या आदिमानवाच्या वाट्याला आली, तीही परक्या मुलखातून. जुन्नर तालुक्याच्या बाजूने वाहत येणाऱ्या कुकडी नदीच्या काठी बोरी गावात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या सोबतीने दगडी हत्यारे सापडली आहेत. ती राख इथल्या कातळाची नाही, सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची असल्याचे मानले जाते. तोबाचे उद्रेक अनेक झाले, त्यातल्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची ही राख, यावर संशोधकांत मतभेद आहेत. पण हजारो किलोमीटर दूरच्या आगीची राख कुकडीच्या काठावर येऊन बसली आणि त्याच काठावर माणूस दगड फोडत होता, एवढे बोरीने दाखवले.

आपल्या स्वतःच्या विझलेल्या ज्वालामुखीकडून माणसाने पहिली वस्तू घेतली ती हत्याराचा दगड. घोड नदीकाठचे इनामगाव हे पुणे जिल्ह्यातलेच ठिकाण. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम तिथे उत्खनन केले आणि इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आणले. तांबे त्या लोकांना माहीत होते, पण ते महाग आणि दुर्मीळ. रोजच्या कापण्या-सोलण्याला त्यांनी कॅल्सेडनीची पाती वापरली. हा गारगोटीच्या जातीचा दगड काळ्या कातळाच्या त्याच वायूपोकळ्यांत तयार होतो आणि कातळ झिजला की नदीच्या वाळूगोट्यांत येऊन पडतो. लाव्हातला बुडबुडा, त्यात साचलेला स्फटिक आणि त्याचे पाते, अशी ती साखळी आहे.

मावळात हे नाते याहून फार पुढे गेले. त्याचे कारण बोर घाट.

दख्खनचे पठार पश्चिमेला एकदम तुटते. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास, आणि खाली खोपोली जवळजवळ कोकणच्या पातळीला. या तुटीवर बैलांचा तांडा चढवायचा तर कडे टाळत, एका सपाटीवरून दुसरीवर जाणारी वाट सापडायला हवी. थरांनी अशा वाटा काही ठिकाणीच सोडल्या आहेत. बोर घाट, त्याच्या शेजारचा कुरवंडे घाट ही त्यांतली ठिकाणे. खाली कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे आणि वर जुन्नर, पैठण, तेर या बाजारपेठा. भूमध्य समुद्राकडचा माल याच घाटांनी वर यायचा, इथले कापड आणि मणी खाली जायचे. घाटाच्या पायथ्याला राजमाचीच्या पोटात कोंडाण्याची लेणी आहेत. घाट चढून आले की इंद्रायणीच्या खोऱ्यात एका अंगाला कार्ले, दुसऱ्या अंगाला भाजे आणि डोंगर ओलांडून पवन मावळाच्या बाजूला बेडसे. लेणी आणि वाट एकमेकांना धरून आहेत.

जंगलात फिरणाऱ्या गुराख्याला या वाटा इंजिनिअरच्या आधी माहीत असतात, असे सांगणारी एक लोककथा घाटात आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला मरण मिळाले, असे लोक सांगतात. त्याचे देऊळ घाटात आहे आणि ट्रकचालक तिथे नारळ ठेवून पुढे जातात. कथेला कागदाचा आधार असो-नसो, पुढचे आकडे कागदावरचे आहेत. १८५६ साली बोर घाटातल्या रेल्वेचे काम सुरू झाले, १८६३ साली गाडी धावली. मधल्या वर्षांत पंचवीस बोगदे काळ्या पाषाणातून फोडावे लागले आणि पटकीने व अपघातांनी हजारो मजूर गेले. सुरुंगाची दारू हाताशी असताना ही किंमत पडली. त्याआधी दोन हजार वर्षे, नुसत्या लोखंडी छिन्नीने, याच कातळात माणसे खोल्या खोदत होती.

भाज्याचे काम इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. मळवली स्टेशनात उतरून गावातून पायऱ्या चढल्या की डोंगराच्या मध्यावर बावीस लेण्यांची रांग लागते. खोदणाऱ्यांनी जागा निवडली ती उभ्या कड्याची, म्हणजे लाव्हालोटाच्या घट्ट पोटाची. वरच्या भुसभुशीत थरात खोदले असते तर छत टिकले नसते. मधोमध मोठे चैत्यगृह. त्याची दर्शनी भिंत लाकडी होती, ती गेली, त्यामुळे आतला सगळा सभामंडप आज थेट उघड्यावर दिसतो. आत दोन्ही बाजूंचे साधे अष्टकोनी खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी घरात बाहेर रेटणाऱ्या छपराला आवरण्यासाठी खांब असे तिरपे रोवत. कातळात त्याची काही गरज नव्हती, छत आणि खांब मुळात एकाच शिळेचे. तरीही पाथरवटांनी तो कल जसाच्या तसा ठेवला आणि कमानदार छताला खरोखरीच्या लाकडी फासळ्या बसवल्या. त्यांतल्या कित्येक आजही जागेवर आहेत, आणि लाकडावर कोरलेली ब्राह्मी अक्षरेही अभ्यासकांना तिथे मिळाली आहेत. ओल्या मावळात बावीसशे वर्षे लाकूड टिकते, कारण त्याच्यावर भार काहीच नाही आणि वर पाणी अडवायला अख्खा डोंगर आहे.

खोदायची रीत घर बांधण्याच्या नेमकी उलटी असे. आधी कड्याचा चेहरा तासून सरळ करायचा. मग वर, कमानीच्या खिडकीच्या उंचीवर आत शिरायचे आणि छत पुरे करायचे. त्यानंतर पायाखालचा दगड काढत काढत खाली उतरायचे, खांबांच्या जागा तेवढ्या सोडायच्या. त्यामुळे परांची बांधावी लागत नसे. चूक झाली तर मात्र दुरुस्ती नाही. खांबात मोठी भेग निघाली किंवा मध्येच मऊ पट्टा लागला, तर तिथेच काम सोडावे लागे. म्हणून कोणता थर घ्यायचा याचा निर्णय पहिल्या दिवशीचा, आणि तोच सर्वांत मोठा. तुर्कस्तानातल्या कापादोकियात लोकांनी ज्वालामुखीच्या मऊ राखदगडात घरे कोरली, इथिओपियात लालिबेलाची अख्खी देवळे ज्वालामुखीच्या खडकात खाली कोरली गेली. ती कामे मोठीच आहेत. पण मावळचे काम लालिबेलाच्या कितीतरी आधीचे आणि दगड दोन्हींकडच्याहून चिवट.

कार्ल्यात ही विद्या शिखराला पोहोचली. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात कोरलेले तिथले चैत्यगृह भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. सदतीस खांब, छताची उंची चौदा मीटरच्या आसपास, वर सागवानी फासळ्या, आणि स्तूपाच्या माथ्यावर त्याच काळातली लाकडी छत्री. वैजयंतीच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीच्या भूतपाल नावाच्या सावकाराने इथल्या लेखात आपल्या कामाचे वर्णन केले आहे: हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम. दोन हजार वर्षांनी तिथे उभे राहिल्यावर त्याचे म्हणणे खरे वाटते. दुसऱ्या एका लेखात स्वामी नावाच्या सुताराने दाराचे काम केल्याची नोंद आहे. दगडात सुताराचे काय काम, असे वाटेल. पण डोक्यात सगळे आराखडे लाकडाचेच होते, तेव्हा सुतार हवाच. एकेका खांबावर दात्याचे नाव आहे. त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत, सोपाऱ्याचा भिक्षू आहे. दाराच्या कामाला पैसे देणारा एक अत्तरवाला आहे. घाट चढून येणाऱ्या सगळ्या दुनियेने या कातळात थोडाथोडा पैसा घातला.

भिक्षूंना हा कातळ का हवा होता, त्याचे उत्तर पावसात आहे. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात सातशे-साडेसातशे. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा नियम होता. गवताची झोपडी मावळच्या पावसात तग धरत नाही. कातळातली खोली धरते. क्षत्रप नहपानाचा जावई ऋषभदत्त याने कार्ल्याच्या, त्या काळच्या वलूरकाच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दिले, असे तिथला लेख सांगतो. पुढे सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केल्यावर तेच दान नव्याने दिले आणि तसा हुकूम मामाल इथल्या अमात्याला काढला. मामाल म्हणजे आपले मावळ. राजे बदलले, पण लेण्यांत पावसाळा काढणाऱ्यांची सोय नव्या राजानेही मोडली नाही.

पण मावळचा खरा प्रश्न पाऊस संपल्यावर सुरू होतो. काळा पाषाण पाणी शोषत नाही. आषाढ-श्रावणात डोंगरावरून धबधबे कोसळतात आणि फाल्गुनात त्याच डोंगरावर प्यायला घोटभर मिळत नाही. जो दगड पाणी आत घेत नाही तो पाणी गळूही देत नाही, हे ज्यांनी ओळखले त्यांनी कातळात टाकी खोदली. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. मावळातल्या प्रत्येक लेणीसमूहात खोल्यांच्या शेजारी ती आहेत. तोंड लहान, पोट आत मोठे, म्हणजे उन्हाने पाणी कमी उडते. कड्याच्या कपाळावर आडवी पन्हळ कोरून पावसाचे पाणी टाक्यात उतरवण्याची युक्तीही लेण्यांतून दिसते.

मूर्ती आणि खांब यांच्यापुढे टाक्यांकडे फारसे कुणी पाहत नाही. शिलालेख मात्र वेगळी गोष्ट सांगतात. भाज्याला कौशिकीपुत्र विष्णुदत्त या महारठीने, म्हणजे त्या काळच्या बड्या सरदाराने, आपले नाव घातले ते एका टाक्यावर. बेडशाला महाभोजाची मुलगी आणि महारठिनी असलेल्या सामडिनिका हिचा दानलेख आहे, तोही टाक्याचाच. नाणे मावळातल्या पाले गावाजवळच्या छोट्या लेण्यात भदंत इंदरखित याने लेणे आणि पोढी दोन्ही करवल्याचे लिहिले आहे. तो लेख अर्हंतांच्या नमस्काराने सुरू होत असल्याने अनेक अभ्यासक त्याला महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या जैन लेखांत धरतात. धर्म कोणताही असो, खोलीबरोबर पाणी हवेच. आणि दान करणारे सगळे सरदार-सावकारच होते असेही नाही. देहूरोडजवळच्या शेलारवाडीच्या लेण्यात एका नांगर धरणाऱ्या कुणब्याच्या बायकोने मुलासह लेणे दिल्याची नोंद आहे. या सगळ्या लेखांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच. मावळातल्या कातळावर शेतकरणीचे नाव राजाच्या जावयाइतक्याच हक्काने कोरलेले आहे.

भिक्षू गेले, व्यापाराच्या वाटा बदलल्या, तरी कातळाचे महत्त्व कमी झाले नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाला लागूनच एकवीरा आईचे देऊळ आहे. मुंबई, ठाणे, रायगडचे कोळी आणि आगरी चैत्रात पालख्या घेऊन घाट चढतात, ते जवळपास त्याच दिशेने, ज्या दिशेने सोपाऱ्याचा भिक्षू आला होता. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून मुंबईला कामाला जात-येत. या परिसरातली लेणी, वाटा आणि ग्रामदेवता त्यांनी पायी फिरून पाहिल्या. कार्ल्याच्या स्तूपालाच यमाई मानून लोक नवस फेडतात, हे त्यांनी नोंदवून ठेवले. लेणी कोरण्याआधीपासून या वाटांवर देवींची ठाणी होती आणि भिक्षूंनी मुद्दाम त्यांच्या जवळ जागा घेतल्या, असा त्यांचा तर्क होता. तो पूर्णपणे सिद्ध होणे अवघड आहे. पण मावळात फिरणाऱ्याला तो पटतो, कारण जिथे कड्याला कपार आहे आणि कपारीत पाणी आहे, तिथे देव आहेच.

ढाकचा बहिरी हे त्याचे ठळक उदाहरण. जांभिवलीच्या कोंडेश्वरावरून पुढे गेले की ढाकच्या उभ्या कड्यात, जमिनीपासून खूप उंचावर, बहिरीची गुहा आहे. वाट म्हणजे कातळातल्या खोबण्या, दोर आणि झाडाचा बुंधा. पाय घसरला तर वाचणे कठीण. गुहेत शेंदूर लावलेला देव आणि पाण्याची टाकी. त्या टाक्यात स्वयंपाकाची भांडी ठेवलेली असतात. ज्याला हवी त्याने ती काढावी, रांधावे, घासावी आणि परत पाण्यात सोडावी, असा रिवाज आहे. भांडी घरी नेणाऱ्याला बहिरी सोडत नाही, ही श्रद्धा.

किल्ले बांधणाऱ्यांनीही याच थरांचा हिशेब केला. लोहगड आणि विसापूर दोन्हींचे कडे लाव्हालोटांचे. तटबंदी जिथे कडा तुटतो तेवढीच बांधावी लागली. लोहगडाचा विंचूकाटा ही लांबट, चिंचोळी सोंड झिजेने सुटी पडलेली, तिच्यावर पाण्याची टाकी खोदलेली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत लोहगड आहे. विसाव्या शतकात टाटांनी हाच कडा विजेसाठी वापरला. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी घाटाखाली सोडून खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लाव्हाच्या पठाराची ती तुटलेली कडा नसती तर ते पाणी इतक्या उंचीवरून पडलेच नसते.

आता काळजीची गोष्ट. कातळ टिकाऊ आहे, अमर नाही. भेगांतून झिरपणारे पाणी आणि तांबड्या पट्ट्यांची झीज लेण्यांना रोज थोडे थोडे खाते. पुरातत्त्व खाते त्यावर उपाय करत असते. पण खिळ्याने कोरलेली नावे, बदामाचे आकार आणि टाक्यांत टाकलेल्या बाटल्या ही झीज निसर्गाची नाही. ज्या टाक्यात पाणी साठावे म्हणून एका महारठिनीने पैसा दिला, त्यात वेफरची पाकिटे तरंगताना पाहून संताप येतो, आणि तो यायलाच हवा. डोंगर फोडून रस्ते आणि बंगल्यांचे प्लॉट पाडताना विटकरी पट्ट्याच्या वरचा कातळ निराधार होतो. माथेरान असो की मावळ, पावसाळ्यात दरडी कुठे कोसळतात हे पाहिले तरी हा धडा मिळतो.

लोणावळ्याला जाणाऱ्यांना एक विनंती. भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दीत बसण्याआधी एक सकाळ बेडशासाठी काढावी. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याला लागले की बेडसे गाव येते, तिथून डोंगरात पायऱ्या आहेत. लेणे पूर्वाभिमुख आहे, म्हणून उन्हे आत शिरतात तेव्हाच पोहोचावे. दारातले दोन भव्य खांब, त्यांच्यावरचे घोडे, बैल, हत्ती आणि स्वार पाहावेत. नाशिकच्या आनंद सावकाराच्या पुष्यणक नावाच्या मुलाने दिलेल्या दानाचा लेख तिथे आहे, तो शोधावा. मग भिंतीवर हात ठेवून टाकीचे घाव चाचपावेत. आणि परतताना, बाहेरच्या पाण्याच्या टाक्यात काही कचरा दिसला तर तो उचलून खाली आणावा.